जुन्या इंग्लिश खोगिराचा निर्माता आणि काळ कसा ओळखावा?

आपण विचारले आहे की, जुने घेतलेले इंग्लिश खोगीर कोणी आणि केव्हा बनवले असावे. त्यावर एक झिजलेली पितळी नावपट्टी आहे आणि फ्लॅपच्या, म्हणजे स्वाराच्या पायाखाली येणाऱ्या चामडी पाखाच्या, आतल्या बाजूस 'इंग्लंड' एवढाच शब्द वाचता येतो. माझा आग्रह असा की नावपट्टीवर लगेच विश्वास ठेवू नये, कारण तिच्यावरचे नाव पुष्कळदा निर्मात्याचे नसून विकणाऱ्या दुकानाचे असते. वॉल्सॉल हे इंग्लंडमधील खोगीर-व्यवसायाचे प्रमुख केंद्र. तेथील कारखान्यांत तयार झालेली कितीतरी खोगिरे इतर शहरांतील दुकानदारांनी स्वतःच्या नावाने विकली. रिकिबीचा पट्टा ज्या धातूच्या दांडीला अडकतो, तिच्यावरचा शिक्काही असाच फसवतो, कारण तो बहुधा दांडी घडवणाऱ्याचा असतो.

निर्मात्याचे ठसे शोधायचे ते झाकलेल्या जागी: दांडी झाकणाऱ्या लहान चामडी झापेखाली, आतल्या फ्लॅपवर आणि तंग (घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा) ज्यांना अडकवतात त्या पट्ट्यांच्या वरच्या टोकांशी. चामडे तेल लावून काळे करू नका. किंचित ओलसर फडक्याने धूळ पुसा, खोली अंधारी करा आणि टॉर्च चामड्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. समोरून अजिबात न दिसणारे अक्षर किंवा आकडा अशा वेळी सावलीमुळे उठून दिसतो. आकडा सापडला तर तो बैठकीचे माप आहे की अनुक्रमांक, हे आधी पाहा. १७ किंवा १७½ असा आकडा बहुधा इंचांतले माप असते.

काळाच्या बाबतीत 'इंग्लंड' या शब्दाची मदत मर्यादित आहे. अमेरिकेने १८९० च्या आयातशुल्क कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले, त्यामुळे निर्यातीच्या मालावर असे शिक्के पुढे कायमच राहिले. याउलट स्ट्युबेन किंवा पासिए या जर्मन निर्मात्यांच्या खोगिरावर 'वेस्ट जर्मनी' असेल, तर १९४९ ते १९९० हा काळ जवळजवळ निश्चित होतो. नावपट्टीवर ब्रिटिश राजघराण्याच्या सनदेचा उल्लेख असेल, तर तो कोणाच्या नावे आहे हे नीट वाचावे: राज्यकर्त्या राजाची सनद १९५२ ते २०२२ या काळातली असू शकत नाही, कारण तेव्हा गादीवर राणी होती.

खरी साक्ष मला बांधणीत दिसते. सपाट बैठक, गुडघ्याला आधार नसलेला सरळ फ्लॅप आणि पॅनेलला, म्हणजे घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या खालच्या गादीला, लिनन किंवा सर्ज या लोकरी कापडाचे अस्तर, ही तिन्ही एकत्र असतील तर खोगीर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले किंवा त्याहून जुने असण्याचा संभव मोठा. नुसत्या सरळ फ्लॅपवरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण ड्रेसाजची (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या क्रीडाप्रकाराची) खोगिरे आजही तशीच कापतात. पुढे झुकलेला फ्लॅप ही काप्रिली या इटालियन अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेल्या, पुढे झुकून बसण्याच्या पद्धतीची देणगी, आणि खोगिराच्या आतला लवचीक, स्प्रिंगचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरला. तो ओळखण्यासाठी खोगिराचा पुढचा भाग पोटाशी टेकवून मागचा उंचवटा दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढावा; स्प्रिंग असेल तर बैठक थोडी लवते आणि सोडताच पूर्ववत होते. ती करकरली किंवा दुमडली, तर सांगाडा मोडला आहे असे समजून जाणकाराने तपासेपर्यंत ते घोड्यावर चढवू नये.

एक सावधगिरी आवश्यक आहे. तंगाचे पट्टे झिजतात आणि बदलले जातात, पॅनेलही नव्याने भरले किंवा मढवले जाते, म्हणून या भागांवरून संपूर्ण खोगिराचे वय ठरवू नये. शिवणीशेजारी जुन्या टाक्यांची रिकामी भोके दिसली, तर तो भाग पुन्हा शिवलेला आहे.

मूळ निर्मात्याचा व्यवसाय अजून चालू असेल, तर अनुक्रमांकाचा, दांडीचा आणि पॅनेलच्या खालच्या बाजूचा स्पष्ट फोटो त्याला पाठवावा. क्रमांकाची पद्धत प्रत्येकाची निराळी असल्याने तिचा अर्थ तोच खात्रीने सांगू शकतो.