छिद्री की रंध्रीय?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या मराठी शाळेच्या एका बाईंचा प्रश्न आहे: स्पंज या पाण्यातल्या प्राण्यांच्या संघाला (मोठ्या गटाला) एका पुस्तकात 'छिद्री' म्हटलंय, दुसऱ्यात 'रंध्रीय'. मुलांना कुठला शब्द शिकवायचा?

बाई, 'रंध्रीय'च शिकवा. या संघाचं शास्त्रीय नाव 'पोरीफेरा', म्हणजे लॅटिनमध्ये भोकं बाळगणारे. तेवढ्यापुरते दोन्ही शब्द चालतात. पण मराठीत छिद्र चाळणीलाही असतं, फुटक्या घागरीलाही. रंध्र म्हटलं की जिवंत अंग डोळ्यांपुढे येतं: नासारंध्र, पर्णरंध्र. संस्कृतात रंध्रालाही 'उणीव' असा अर्थ आहे. मराठीत मात्र तो डाग छिद्रान्वेषी माणसामुळे छिद्रालाच चिकटून राहिला.

आणि स्पंजाचं भोक खरंच जिवंत असतं. साध्या बांधणीच्या चुनामय स्पंजांत एकेक भोक म्हणजे नळीसारखी एकेक पेशी. ती आकसली की वाट बंद. पर्णरंध्रही असंच उघडतं-मिटतं, आणि ते मुलांना आधीच ठाऊक असतं. या बारीक रंध्रांतून पाणी आत येतं, आतल्या कॉलर पेशी आपल्या कशाभिका (चाबकासारखे बारीक तंतू) हलवून ते खेचत राहतात, त्यातलं अन्न टिपतात, आणि पाणी वरच्या मोठ्या भोकातून बाहेर पडतं. त्या भोकाचं नाव ऑस्क्युलम, म्हणजे 'छोटं तोंड'. पण 1825 साली रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञानं जिवंत स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा तिथून पाणी सारखं बाहेरच उसळताना दिसलं. म्हणून त्याला 'मुख' तेवढं म्हणू नका.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कानडीत 'छिद्र छिद्र' म्हणजे चिंधड्या झालेलं. घरी मराठी, गल्लीत कानडी बोलणाऱ्या पोराला 'छिद्री' ऐकून फाटकातुटका प्राणी दिसला, तर त्याचं काय चुकलं? 'रंध्र' दोन्ही भाषांत भोकच.

या संघाचे वर्ग पाडायला मात्र भोकं कामाची नाहीत, ती सगळ्यांनाच असतात. तिथे सांगाडा बघायचा: चुन्याच्या कंटिका (बारीक काटे), सहा टोकांच्या काचेसारख्या कंटिका, की आंघोळीच्या स्पंजासारखे नुसते स्पाँजिन या प्रथिनाचे मऊ तंतू.

वर्गात वाळलेल्या घोसाळ्याची घासणी नेणार असाल, तर ती वेलीच्या फळाची जाळी आहे हे आधी सांगा. पोरं तिलाच स्पंज समजून बसतात.