स्वस्त पिस्तूल घेऊन नेमबाजी होते का?

प्रश्न: नमस्कार सर, फोंड्याहून लिहितोय. मुलगी नववीत आहे, तीन महिने झाले दहा मीटर एअर पिस्तूल शिकतेय. मॅचचं पिस्तूल लाखाच्या वर सांगतात, आणि ऑनलाइन सात-आठ हजारांत स्प्रिंगचं मिळतंय, फोटोत तर झकास दिसतंय. घेऊ का?

उत्तर: अहो बाब, फोटोत सगळीच झकास दिसतात! मीपण असंच एक घेतलेलं, आणि वर्षभर मला वाटत राहिलं की माझाच हात वाईट. स्प्रिंगच्या पिस्तुलात ट्रिगर ओढला की आत पिस्टन धाडकन पुढे जातो आणि पेलेट, म्हणजे छर्रा, अजून नळीत असतानाच पिस्तूल हलतं, म्हणजे पोरगी बरोबर नेम धरून बसली तरी शॉट भलतीकडे, आणि दहा गुणांचं वर्तुळ आहे फक्त ११.५ मिलिमीटरचं, तिथे एवढं हलणं चालतच नाही. त्यात ट्रिगर एवढा जड की बोट ओढताना मनगटच वळतं. मॅचमध्ये ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, कमीत कमी ५०० ग्रॅम लागतं, आणि चांगल्या पिस्तुलात ते तेवढ्यावर आणून ठेवता येतं. खरे पैसे तिथेच जातात, ट्रिगर आणि मुठीत. नळी स्वस्तातलीही बऱ्यापैकी असते हो.

मग लाखभर टाकायचेच का? आत्ता नको. वर्षभर क्लबचंच पिस्तूल वापरू दे, फक्त मूठ तिच्या हाताला बसते का ते कोचना बघायला सांगा, कारण मोठ्या मुठीत लहान हात म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून पळणं. स्वस्त पण कामाचं हवंच असेल तर एकदा लिव्हर ओढून हवा भरायची ती सिंगल स्ट्रोकवाली पिस्तुलं बघा, त्यात पिस्टनचा धक्का नसतो. रशियन बैकलचं आयझेडएच ४६ एम त्यातलंच, दिसायला बोजड पण कित्येकांनी त्यावरच हात बसवला, कुणी विकत असेल तर मी तरी सोडणार नाही. लिव्हर मात्र जड असते, मॅचच्या साठ शॉटना पोरीला ती साठ वेळा ओढवते का ते आधी बघा. सीओटू गॅसवर चालणाऱ्या नकली रिव्हॉल्व्हरच्या नादी लागू नका, ती डबे उडवायला.

आणि महाग म्हणजे बिघडणार नाही असंही नाही हां. टोकियो ऑलिंपिकला २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं होतं, तीच मनू २०२४ला पॅरिसहून मेडल घेऊन आली. म्हणून घेताना दुरुस्ती आणि पार्ट कुठे मिळणार ते आधी विचारा.

लायसन्सचं म्हणाल तर पॉइंट एक सात सात बोअर (नळीचं भोक इंचात) आणि २० ज्यूल (छर्ऱ्याचा जोर) यांच्या आतली एअर पिस्तुलं त्यातून सुटतात, पण घरात कुलपातच ठेवा, शेजारच्या पोरांना दाखवायला काढू नका.

आपल्याकडची खारी हवा विसरू नका, पावसात चार दिवस बॅगेत बंद ठेवलं तरी तांबेरा धरतो. रेंजवरून आलात की पुसून, तेलाचा हलका हात फिरवून ठेवा, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुढेमागे सेकंडहँड मॅच पिस्तूल घ्यायची वेळ आली तर त्याला दाबाची हवा पुरवणाऱ्या सिलिंडरवरची तारीख बघा, मुदत संपलेला सिलिंडर मॅचला चालत नाही आणि नवा घ्यायचा खर्च तुमच्याच माथी. विकणारा तारखेचा फोटो पाठवायला टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा.