चार वर्षं कुठे दाखवू, मॅडम?

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्याने हे विचारलं. नवी पेठेतल्या अभ्यासिका माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर आहेत, त्यामुळे स्पर्धा परीक्षा सोडलेली मुलं नोकरीचा अर्ज लिहिताना हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतच असतात. गॅप खरा सांगितला तर बोलावणार कोण, ही त्यामागची धास्ती.

त्याला सचिन म्हणू. नाव-गाव बदललं आहे. बार्शीकडचा, मेकॅनिकल इंजिनीअर, २०१९ चा पासआउट. मग सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी. प्री दोनदा निघाली, मेन्स एकदाही नाही. मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली, तेव्हा शास्त्री रस्त्यावर बसलेल्यांत हाही होता.

चाकणच्या एका कंपनीत स्टोअर्स, म्हणजे मालसाठ्याच्या विभागातली जागा होती. त्यासाठी लिहिलेलं कव्हर लेटर त्याने माझ्यासमोर ठेवलं. त्यात तो ‘डायनॅमिक’ होता, ‘रिझल्ट ओरिएंटेड’ होता, आणि भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये त्याने तीन वर्षं कामही केलं होतं. वर्कशॉप मित्राच्या मामांचं. "मामा लेटर देतायत, शिक्क्यासकट."

अशा वेळी मी उपदेश करत नाही. तो त्यांना घरून भरपूर मिळतो. मी विचारलं, "यूएएन नंबर आहे?" यूएएन म्हणजे पीएफ खात्याचा नंबर. पीएफ कापला जात असेल, तर कुठे कधी लागलास, कधी सोडलंस हे त्या खात्यात दिसतं आणि पडताळणी करणारे तेच बघतात. तो तयारीचा निघाला. "मामांकडे आठच माणसं आहेत, पीएफ लागत नाही."

"बरं. मशीनं कुठली आहेत त्यांच्याकडे?"

थोडा वेळ गेला. "लेथ... असेल."

मेकॅनिकलचा मुलगा, तीन वर्षांचा अनुभव, आणि ‘असेल’. आम्ही दोघंही हसलो. त्याचं हसू लगेच मावळलं.

पुढच्या आठवड्यात दुसरं पत्र आलं. ‘मला अनुभव नाही, वयही थोडं जास्त आहे, तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ शाळेतल्या रजेच्या अर्जाची चाल. खरं सांगायचं तर मला हे पत्र पहिल्यापेक्षा जास्त खटकलं. पहिल्यात निदान कुणीतरी माणूस होता, खोटा का असेना. इथे नम्रतेच्या नावाखाली त्याने स्वतःलाच खोडून टाकलं होतं.

"अभ्यास सोडून चार वर्षांत काय केलंस?"

"काही नाही."

तीनदा विचारल्यावर मेस निघाली. बाहेरचं जेवण परवडेना म्हणून २२ मुलांनी मिळून स्वयंपाकाला मावशी ठेवल्या होत्या. हिशेब चौदा महिने याच्याकडे. त्याने मोबाईलवर शीट उघडून दाखवली. नाव, पूर्ण की अर्धा डबा, गावी गेल्याचे खाडे, सिलेंडरची तारीख, मार्केट यार्डातून आणलेल्या कांद्याचं पोतं. एक ओळ लाल होती, ११४० रुपयांची. एक मुलगा न सांगता खोली सोडून गेला, ते पैसे याने स्वतःच्या खिशातून भरले होते.

मग पत्र तिथेच बसून लिहिलं. ‘२०१९ ते २०२३ राज्यसेवेची तयारी केली. पूर्वपरीक्षा दोनदा उत्तीर्ण, निवड झाली नाही. या काळात २२ जणांच्या मेसची खरेदी आणि हिशेब १४ महिने सांभाळला. सॅप सॉफ्टवेअर वापरलेलं नाही. एक्सेल रोज वापरतो.’ वाचून झाल्यावर त्याने ‘रोज’ खोडलं आणि ‘आठवड्यातून दोन-तीनदा’ लिहिलं. मी काही बोलले नव्हते.

घरच्या कर्जाची ओळ मात्र मी काढायला लावली. खरं लिहायचं म्हणजे सगळंच लिहायचं असं नाही, आणि वडिलांचं कर्ज हा स्टोअर्स मॅनेजरचा विषय नव्हे.

तीन कंपन्यांकडून उत्तरच आलं नाही. असं होईल हे मी आधीच सांगितलं होतं, तरी तो पडलाच होता. चाकणहून बोलावणं आलं महिन्याभराने. त्या संध्याकाळी बस स्टॉपवरून त्याचा फोन आला, मागे हॉर्नचा गोंगाट.

"मॅडम, गॅपचं एकदाच विचारलं त्यांनी. बाकी सगळा वेळ कांदाच चालला होता. किती दिवसांचा भरायचास, सडला की कुणाच्या नावावर टाकायचास..."

"मग काय म्हणालास?"

"म्हटलं, पहिल्या पावसाळ्यात अर्धं पोतं सडलं होतं, सर."