आजी भेंडी मोडून बघते, त्याबद्दल

प्रिय रेवा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. आजी पुण्याच्या मंडईत भेंडीची शेपटी मोडते, दुधीला नख लावते, नारळ कानाशी धरून हलवते. यातलं काहीच आपल्या इथे, इटलीत तोरिनोत चालत नाही, मग चूक कोणाची, आजीची की इथल्या लोकांची, असं विचारलंयस. शेवटी 'मला थोडी लाज वाटली' असंही हळूच म्हणालीस. ते ऐकू आलं मला.

इथलं तुला पाठच आहे. सुपरमार्केटमध्ये हातमोजा घालायचा, पिशवीत भरायचं, काट्यावर नंबर दाबून स्टिकर चिकटवायचं. पोर्ता पालात्सोच्या बाजारात तर तेही नाही, तिथे बहुतेक गाळ्यांवर विकणाराच निवडून देतो. पीच मागितले की आधी विचारतो, आज खायचे की दोन दिवसांनी? त्याप्रमाणे उचलतो. आपण हात लावला तर चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे. पिकलेला पीच अंगठ्याने दाबला की आतल्या पेशी फुटतात, त्यांना हवा लागते आणि तिथे तपकिरी डाग पडतो. हा डाग लगेच दिसत नाही. तोपर्यंत दाबणारा घरी पोचलेला असतो आणि भुर्दंड गाळेवाल्याला किंवा पुढच्या गिऱ्हाइकाला.

आता आजीकडे नीट बघ. ती सगळ्यालाच हात लावते असं तुला वाटतंय, पण तसं नाही. कोवळी आणि जून भेंडी दिसायला सारखीच हिरवीगार. शेपटी कटकन मोडली तर कोवळी, नुसतीच वाकली तर जून, मग कितीही परता, दातात धागे येणार. गवारीचंही तेच. मक्याच्या कणसाची सालं जराशी बाजूला करून दाण्यात नख रुतवलं आणि दूध आलं, तर घ्यायचं. हे डोळ्यांना कळत नाही म्हणून हाताने बघायचं. आणि भेंडी-गवार घरी येऊन धुतली जाते, चिरली जाते, कढईत जाते. कोणाचा हात लागला होता, याने तिथे फारसं बिघडत नाही. हापूस मात्र आजी कधी दाबणार नाही. देठापाशी नाक नेईल, वास घेईल आणि ठेवून देईल. शेजारची बाई आंबा दाबत असेल तर तिच्याकडे कशी बघते, ते पुढच्या मे महिन्यात बघ!

म्हणजे आजीचं सगळंच बरोबर का? नाही. दुधीला नख लावणं मला कधीच पटलेलं नाही. नख सहज रुतलं तर दुधी कोवळा, हे खरं. पण पाच दुधींना नख लावून एक घ्यायचा, म्हणजे उरलेल्या चारांवर चंद्रकोरी. तिथून पाणी सुटतं, काळं पडतं आणि कुजायला सुरुवात होते. साल तुकतुकीत आणि बारीक लव असलेली बघितली तरी कोवळेपणा कळतो. शिवाय दुधी कडू आहे का, हे नखाला कळतच नाही. ते घरी चिरल्यावर एक फोड जिभेला लावून बघायचं, आणि कडू लागला तर सरळ फेकायचा. कडू दुधी पोटाला फार वाईट, त्याचा रस तर अजिबात प्यायचा नाही.

आणखी एक. महात्मा फुले मंडईच्या बाहेर जमिनीवर पोतं अंथरून बसतात ना, त्या बायकांकडे बघ. त्या टोमॅटोचे, मिरच्यांचे वाटे लावून ठेवतात. वाटा उचलायचा, त्यातलं एक काढून दुसरं घालायचं नाही, म्हणून तो स्वस्त. निवडून हवं असेल तर 'निवडून घ्याल तर भाव वेगळा, सरसकट घ्या' असं तोंडावर सांगतात. का, तर सकाळी सगळ्यांनी चांगलं चांगलं वेचलं की संध्याकाळी टोपलीत नुसता गाळ उरतो आणि तो कोणी घेत नाही. हाताळण्याचे पैसे कोणीतरी भरतंच. इथे तोरिनोत ते दिसत नाही, तिथे ती बाई बोलून दाखवते. आणि सकाळी सकाळी भवानी व्हायच्या आधी जाऊन ढीग उपसायचा आणि काही न घेता पुढे जायचं, हे तर आजीही करत नाही. विचार तिला.

तिची नेहमीची भाजीवाली ठरलेली आहे, ते तुझ्या लक्षात आलं असेल. तिच्याकडे आजी फार चाचपत नाही. 'आज मेथी नेऊ नका, पावसात भिजलीये, जुडी आतून सडलीये,' असं तीच सांगते. पोर्ता पालात्सोचा पीचवाला आणि ही बाई, दोघांचं काम एकच. फक्त इथे कोणीही अनोळखी माणूस पहिल्याच दिवशी त्याच्यावर विसंबतो. पुण्यात तेवढा विश्वास बसायला चार पावसाळे जावे लागतात, तोवर भेंडी मोडायची.

तेव्हा लाज वाटायचं कारण नाही. एखाददुसरी भेंडी मोडली तर मोडू दे, आणि मोडलेली आपल्याच पिशवीत जाते का एवढं बघ. दुधीचं मात्र तिला सांग. मी सांगितलं तर 'आता मला शिकव' म्हणेल, तू सांगितलंस तर ऐकेल. आणि भाजीवालीसमोर नको, घरी आल्यावर, चहाच्या वेळी.

तुझी,
आई