मुलं उतारा वरवर वाचतात, बारकाईने वाचायला कसं शिकवावं?

तुमचं म्हणणं असं की मुलं उतारा भराभर वाचतात, प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकतात आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवून मोकळी होतात. भाषा शिकवताना मीही हे रोज पाहते. माझ्या मते दोष मुलांपेक्षा आपल्या प्रश्नांचा जास्त आहे. ‘कोण कोणास म्हणाले’ याला उतारा समजावा लागत नाही, नजर फिरवली की पुरे. आणि ‘तू त्याच्या जागी असतास तर?’ याला उतारा वाचायचीच गरज नाही. खरं काम या दोहोंच्या मधल्या प्रश्नांचं असतं.

तीन वाक्यं घेऊ: ‘दादा अखेर घरी आला. आईनं ताट वाढलं. बाबा पेपरच वाचत राहिले.’

बाबांना काय वाटलं असेल, असं विचारलं की वर्ग एका सुरात ‘राग!’ म्हणतो. मग मी एवढंच विचारते, ‘कशावरून?’ राग हा शब्द तर कुठेच नाही. थोडा वेळ शांतता. ही शांतता सहन करायला शिका, लगेच उत्तर देऊ नका. मग कुणीतरी ‘पेपरच’मधल्या ‘च’वर बोट ठेवतं. आता ते वाक्य ‘बाबा पेपर वाचत होते’ असं करून फळ्यावर शेजारी लिहा आणि काय हरवलं ते विचारा. ‘राहिले’ म्हणजे थांबायचं कारण समोर होतं, तरी थांबले नाहीत, हे मुलं स्वतः सांगतात. ‘अखेर’ म्हणजे वाट पाहणं झालं होतं, हेही. एखादा म्हणतो, ‘बाबा रडत असतील, म्हणून तोंड लपवलं.’ छान कल्पना, पण आधार? इथे तर्क कुठे संपतो आणि मनचं कुठे सुरू होतं, हे आपोआप बोलण्यात येतं. राग की अवघडलेपण, यावर मात्र वाद होऊ द्या. दोन्हींना आधार आहे.

उतारा आठ-दहा ओळींचाच घ्या. पहिल्यांदा तुम्ही मोठ्याने वाचा, मुलांच्या हातात पेन्सिल नको. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल, पण खुणा तीनच, आणि प्रत्येक खुणेशेजारी समासात दोन शब्द: खूण का केली. ही मर्यादा घातली नाही तर हायलायटरने अख्खं पान पिवळं होतं. तिसरं वाचन एखाद्या ‘कशावरून’च्या शोधात. सुरुवातीला एकदा तुम्ही स्वतः अडखळत, मनातले प्रश्न बोलून दाखवत वाचा. शिक्षकही मागे जाऊन पुन्हा वाचतात, हे अनेकांना माहीतच नसतं.

माहितीपर मजकुरात शोधायच्या जागा वेगळ्या: ‘बहुधा’, ‘काही’, ‘मात्र’, आणि टक्केवारी दिली असेल तर ती कशाची.

केंब्रिज विद्यापीठात समीक्षक आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता द्यायचे आणि मतं लिहून घ्यायचे. १९२९मध्ये त्यांनी ती छापली, तर चांगले शिकलेलेही साधा अर्थच चुकत होते. नाव झाकायची ही युक्ती मी वापरते. पण संदर्भ पूर्ण तोडायच्या मी विरोधात आहे. १९८८मध्ये रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात तरबेज पण खेळ न जाणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. म्हणून विषय अनोळखी असेल तर आधी पाच मिनिटं तो सांगा. ते न करता ‘नीट वाच’ म्हणणं म्हणजे नुसता जाच.

आणि हे आठवड्यातून एकदाच करा. गोष्टीच्या पुस्तकाला तर ही पेन्सिल लावूच नका, ते त्यांना सुसाट वाचू द्या. परीक्षेच्या तोंडावर सुरू करणार असाल तर सरळ पुढच्या सत्रापर्यंत थांबा, कारण पहिले काही आठवडे मुलं आधीपेक्षा हळू लिहितात आणि पेपर अर्धवट राहतो.