वाचकांचे प्रश्न : वीज दारात, तरी झळ आखाताची?

प्रश्न : अक्कलकोट रोडला आमचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. वीज तर शेजारी फताटेवाडीत तयार होते. मग आखातात तणाव वाढला की आमचा खर्च का वाढतो ओ?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : विजेचं बिल आणि बाकीचा खर्च वेगळा मांडा. फताटेवाडीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प चालतो कोळशावर. त्याला लागतात रेल्वेच्या वाघिणी आणि उजनीचं पाणी. (तिथली वीज ग्रीडमध्ये, म्हणजे सामायिक वीजजाळ्यात जाते, थेट तुमच्या मागाला नाही, बरं का!) तेलाचं तसं नाही. देशाला लागणारं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून येतं. आखातातलं तेल ज्या वाटेनं बाहेर पडतं, ती होर्मुझची सामुद्रधुनी अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर. २०२४ मध्ये तिथून रोज तेलाची सुमारे २ कोटी पिंपं गेली, म्हणजे जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. तिथे नुसती कुरबुर झाली तरी जहाजांचा विमा महागतो आणि तेलही. मग सूत आणणाऱ्या ट्रकचं डिझेल, तेलापासूनच बनणारी टॉवेलच्या रंगातली रसायनं आणि पॅकिंगची प्लॅस्टिक पिशवी, सगळंच चढायला लागतं. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला तेलाचे भूमिगत साठे आहेत, क्षमता ५३ लाख टन; पण ते अडीअडचणीसाठी, रोजच्या भावासाठी नव्हेत. छपरावर सौर पॅनेल जरूर बसवा, वीजबिल उतरेल. रंगवाल्याचं आणि ट्रकवाल्याचं बिल मात्र त्यानं उतरणार नाही.