प्रश्न तुमचे : डॅनिश माणसाला भेटताना

प्रश्न : मुलीचे सासर डेन्मार्कमध्ये, ऑरहूसला आहे. व्याही-विहीणबाईंना प्रथमच भेटणार आहोत. काय म्हणावे, हाक कशी मारावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सरळ ‘हाय’ म्हणा. रोमन लिपीत ‘हेज’ दिसते, उच्चार ‘हाय’च. लहानथोर सगळ्यांना चालते. निघताना तेच दोनदा, ‘हाय हाय’. आपल्याला मोर्चा आठवतो, त्यांना नाही. ‘गोडॅ’ (शुभ दिवस) जरा औपचारिक. सकाळी ‘गोमॉन’. लिहिलेले प्रत्येक अक्षर उच्चारू नका. मधला ‘द’ ते गिळतात.

पहिल्या भेटीत खोलीतल्या प्रत्येकाशी, मुलांशीसुद्धा, हात मिळवायचा, नजरेला नजर द्यायची आणि आपले नाव सांगायचे. फक्त यजमानांशी हात मिळवून बसलात तर बाकीच्यांना ते खटकते. व्याह्यांना नावानेच हाक मारा, जिभेला कितीही जड गेले तरी. त्यांच्याकडे आदरार्थी सर्वनाम आहे, पण १९७०च्या दशकापासून ते रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलेच. राणी-राजाशी बोलताना उरले आहे.

खरी गोम आहे ‘ताक’मध्ये, म्हणजे धन्यवादात (‘आ’ आखूड). जेवून उठताना ‘ताक फॉ माद’ म्हणायचे. शेवटचा ‘द’ म्हणताना जिभेचे टोक खालच्या दातांमागे ठेवा, वर टेकवू नका. कानाला तो ‘ल’च्या जवळ वाटतो. यावर यजमान ‘व्हेल्बेकॉमे’ म्हणतील. पाहुणचारानंतर पुन्हा गाठ पडली, की पहिले वाक्य ‘ताक फॉ सिस्त’, म्हणजे मागच्या भेटीबद्दल आभार. परदेशी पाहुणे नेमके हेच विसरतात.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी सॉनरबॉर्गला जाते आहे. तिथले लोक ‘मॉइन’ म्हणतात, ते काय?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तो दक्षिण जटलंडचा, म्हणजे डेन्मार्कच्या जर्मनीलगतच्या भागाचा, रामराम. येताना ‘मॉइन’, जाताना ‘मॉइन’, रात्री अकरालाही तेच. सीमेपलीकडे उत्तर जर्मनीतही तो ऐकू येतो. दक्षिण जटलंड १८६४ ते १९२० जर्मनांकडेच होता. कोपनहेगनला गेल्यावर मात्र ‘हाय’च बरा. प्राध्यापकांना ‘सर’ नको. ई-मेलची सुरुवात ‘हाय’ आणि त्यांच्या पहिल्या नावाने करा. ‘व्होर्डॅन गॉ डे?’ (कसे चालले आहे?) हे दुकानदाराला सहसा विचारत नाहीत. ओळखीच्याने विचारले, तर ‘फिन्त, ताक’ म्हणा.